दोष केव्हा लक्षात आला

माणसाच्या अंगावरची सगळ्यात पातळ कातडी पापणीची असते.

*

यंत्राच्या खोक्याला चिकटपट्टीचे दोन थर होते. वरचा पारदर्शक, खालचा पिवळा पडलेला. सुरीनं दोन्ही एकदमच कापले गेले.

*

शिंपिणीच्या अंड्यांवर दोन टाके. लोहाराच्या अंड्यांवर फुली. शाळेच्या शिपायाच्या अंड्यांवर नुसता ठिपका, कारण त्याची बायको म्हणायची, आमच्या दोनच तर कोंबड्या, आम्हाला कशाला मोठी खूण.

*

खुडूक बसलेली कोंबडी दिवसातून एकदा उठते. दाणा, पाणी, शीट, आणि परत अंड्यांवर. तेवढ्या वेळात अंडी गार होत नाहीत.

*

कलम नऊ. उबवणीच्या एकवीस दिवसांत यंत्राचे झाकण उघडल्यास उत्पादक कोणत्याही नुकसानीस जबाबदार राहणार नाही.

*

मानमोडीच्या साथीत कोंबड्या तीन दिवसांत मान वाकडी करून पडतात. थोरलीच्या अकरा खुडूक कोंबड्यांतल्या नऊ तशा पडल्या. उरल्या दोन.

*

एवढं सगळं एका कागदावर लिहायचं होतं. कागद धाकटीच्या मांडीवर होता, मांडीखाली पाट होता, आणि वर छापलं होतं: ग्राहक तक्रार अर्ज. सर्व रकाने भरणे आवश्यक.

रकाना एक. तक्रारदाराचे नाव व व्यवसाय.

धाकटीनं थोरल्या जावेचं नाव लिहिलं आणि वाचून दाखवलं. थोरली म्हणाली, हे कुणाचं. लग्नानंतर ते नाव कुणी घेतलंच नव्हतं. घरात ती थोरली होती आणि बाहेर पापणीवाली.

व्यवसायाच्या जागी दोघी अडल्या. थोरली दुसऱ्यांची अंडी उबवून द्यायची. सहा घरं तिच्याकडे अंडी आणून टाकायची, आपापली खूण करून. पिल्लं निघाली की निम्मी त्यांची, निम्मी हिची. हा व्यवसाय सासूनं तिला दिला होता, चुलीपाठोपाठ. कोंबडीखालचं अंडं काढायचं, डोळा मिटायचा, अंड्याची बोथट बाजू पापणीवर टेकवायची आणि श्वास सोडेपर्यंत थांबायचं. बरोबर असेल तर पापणीला अंडं असल्याचंच कळत नाही. गार असेल तर डोळा आत ओढला जातो. गरम असेल तर बुबुळ हलतं. हाताला हे कळत नाही, हात भांडी घासून जाड झालेले असतात.

सासूचा उजवा डोळा मोतीबिंदूनं गेला होता. ती त्याच डोळ्याची पापणी वापरायची. म्हणायची, बघायचं काम गेलं त्याचं, आता हेच एक काम उरलंय.

"गृहिणी लिहू का?" धाकटीनं विचारलं.

"लिही. आणि पुढं कंसात खुडूक लिही," म्हातारी सासू दारातून म्हणाली.

धाकटीनं गृहिणी लिहिलं.

रकाना दोन. वस्तूचे वर्णन.

स्वयंचलित अंडी उबवण यंत्र, शंभर अंडी क्षमता. गवंड्यानं, म्हणजे थोरलीच्या नवऱ्यानं, ते बाजाराच्या गावाहून बसच्या टपावर टाकून आणलं. मानमोडीनंतर पंधरा दिवस थोरली रिकाम्या टोपल्या उन्हात घालत होती आणि परत आत घेत होती. उरलेल्या दोन कोंबड्यांखाली मिळून बावीस अंडी मावायची. सहा घरं विचारत होती. तिच्या दोन शेळ्या विकल्या गेल्या आणि यंत्र आलं.

कोंबड्यांच्या खोलीत गवंड्यानं एका कोपऱ्यात विटांचा ओटा केला. ओळंबा लावून केला. यंत्र वर ठेवलं, तार लावली, आणि लाल आकडे पेटले. साडेसदतीस. आकडा हलला नाही. त्यानं सगळ्यांकडे असं पाहिलं, जणू आकडा त्यानंच बांधलाय.

म्हातारीनं यंत्राभोवती एक फेरी मारली. "हिला चोच कुठं आहे?"

"चोच नाही, आई. दाणाही खात नाही."

"मग मारणार कशी? अंड्याला हात लावला की कोंबडीनं मारलं पाहिजे. नाहीतर समजायचं कसं, की तिचं लक्ष आहे?"

गवंडी हसला. धाकटीही हसली. माहितीपुस्तिका तिनंच वाचली, दहावी झालेली ती एकटीच होती. अंडी आपोआप फिरतात. पाणी बाहेरच्या नळीतून घालायचं. काचेतून पाहायचं. कलम नऊपर्यंत ती पोचली नाही, कारण ते हमीपत्राच्या मागच्या बाजूला मुंग्या चालल्यासारख्या अक्षरांत होतं.

सहा घरांची मिळून शहाण्णव अंडी आली. थोरलीनं प्रत्येकाची खूण वर करून ती जाळीवर मांडली.

रकाना तीन. खरेदीची पावती जोडावी.

पावती मिळत नव्हती. दोन दिवस शोधली. पेटीत, देवळीत, गवंड्याच्या पँटच्या खिशात, ज्यातून सिमेंटच निघालं. शेवटी ती उरलेल्या दोनपैकी एका खुडूक कोंबडीच्या टोपलीत सापडली. म्हातारीनं गवताखाली कागद घातला होता, चांगला जाड कागद आहे म्हणून. धाकटीनं तो ओल्या फडक्यानं पुसला, उन्हात वाळवला. तारीख राहिली. यंत्राच्या क्रमांकातले शेवटचे तीन आकडे शिटेखाली गेले.

रकाना चार. दोष केव्हा लक्षात आला.

इथं धाकटीनं पेन खाली ठेवलं.

"सांग, ताई."

 उंबऱ्यावर बसून थोरली शेणाचा एक वाळका पापुद्रा नखानं काढत होती.

चौथ्या दिवशी सकाळी तिनं झाकण उघडलं होतं. पहिले तीन दिवसही उघडलं होतं, सकाळी आणि संध्याकाळी, पण तेव्हा अंडी यंत्रात नवीन होती. चौथ्या दिवशी अंडं पापणीला टेकवलं आणि बुबुळ हललं. तिनं दुसरं घेतलं. तिसरं, कोपऱ्यातलं. झाकण लावलं. काचेतून पाहिलं. साडेसदतीस.

तिनं नवऱ्याला सांगितलं, अंडी तापलीत. तो थापी धूत होता. त्यानं येऊन आकडा पाहिला आणि म्हणाला, आकडा बरोबर आहे. ती म्हणाली, पण पापणीला लागतंय. त्यानं विचारलं, तुला कणकण आहे का. तिनं कपाळाला हात लावला. असेल थोडी, पंधरा दिवस नीट झोप नव्हती. तो म्हणाला, मी भिंत डोळ्यानं सरळ बघत नाही, ओळंब्यानं बघतो. डोळा चुकतो. हा यंत्राचा ओळंबा आहे. तुझी पापणी कातडी आहे.

ती म्हातारीकडे गेली नाही. का गेली नाही, हे तिला पुढंही कधी सांगता आलं नाही. म्हातारीनं बरोबर म्हटलं असतं तर दोन शेळ्या गेल्या होत्या. चूक म्हटलं असतं तर पापणी गेली होती.

पाचव्या दिवशी अंडं गरम लागलं. सहाव्या दिवशी गरम लागलं. तिनं आकडा पाहून अंडं टेकवायला सुरुवात केली. आधी साडेसदतीस वाचायचं, मग डोळा मिटायचा. नवव्या दिवशी बुबुळ कमी हललं. दहाव्या दिवशी अंडं पापणीवर असल्याचं कळलंही नाही. तिला बरं वाटलं. आपलीच सवय मोडली होती, ती बसली.

"चौथा दिवस लिहू?" धाकटी म्हणाली. "मग ते विचारतील, तेव्हाच का नाही आलात."

"मग शेवटचा दिवस लिही."

"मग ते विचारतील, एवढे दिवस कळलं कसं नाही."

 रकाना बोटभर रुंद होता. शेवटी धाकटीनं त्यात लिहिलं: उबवणीच्या काळात.

रकाना पाच. दोषाचे स्वरूप.

एकविसाव्या दिवशी पिल्लं निघायची. अठराव्या दिवशी दुपारी काचेमागं काहीतरी हललं. थोरली आनंदानं ओरडली असती, पण हिशेब तिच्या अंगात होता: तीन दिवस आधी पिल्लू येत नाही, आलं तर येऊ नये असं येतं. पाच पिल्लं आली. बेंबीशी ओली, नाळ न सुकलेली. दोघांची बोटं मुठीसारखी आत वळलेली. तिनं पंजाला पुठ्ठ्याचा तुकडा दोऱ्यानं बांधला, जसं म्हातारी करायची. संध्याकाळपर्यंत तीन गेली, सकाळपर्यंत उरलेली दोन. बाकीची अंडी तिनं बाविसाव्या दिवसापर्यंत ठेवली. तेविसाव्या दिवशी अंगणात पोतं अंथरून एकेक फोडलं. आत पूर्ण पिल्लं होती. पिसं आलेली, चोच पांढऱ्या टोकाची, कवचाकडे वळलेली. दोन टाके, फुली, ठिपका. तिनं कवचं खुणेप्रमाणे वेगळी लावली, सहा ढीग केले, आणि मग त्याचं काय करायचं ते तिला कळेना.

सहा घरी ती स्वतः गेली. निरोप पाठवला नाही. यंत्र तापत होतं, असं सांगितलं. लोहार म्हणाला, होतं असं. शिपायाच्या बायकोनं पाणी दिलं. शिंपीण मशीनवर होती. तिनं पाय थांबवला नाही, कापड संपेपर्यंत शिवत राहिली, मग विचारलं:

"तापत होतं हे तुला कसं कळलं?"

"पापणीला लावलं."

"कधी?"

थोरलीला खोटं सुचलं नाही. "चौथ्या दिवशी."

"म्हणजे चौथ्या दिवसापासून तू आमची अंडी शिजताना बघत होतीस."

बाकी काही ती बोलली नाही. बोलली असती तर बरं, असं थोरलीला रस्ताभर वाटत राहिलं. पुढच्या आठवड्यात शिंपिणीच्या अंगणातून जाताना तिला दिसलं की शिंपिणीनं स्वतःच एक खुडूक बसवली होती, फुटक्या बादलीत, उन्हाच्या बाजूला. टोपली सावलीला हवी, हे सांगायला तिचं तोंड उघडलं, आणि तिनं ते मिटलं.

रकाना सहा. विक्रेत्याकडे केलेली विचारणा व त्याचे उत्तर.

दुकानदारानं पावती दोन बोटांत धरली आणि लांब नेऊन वाचली. इथं वास कसला येतोय, असं त्यानं कामाच्या पोऱ्याला नाही, पंख्याला विचारलं. मग म्हणाला की वस्तू आम्ही बनवत नाही, विकतो. कंपनीचा माणूस येईल.

कंपनीचा माणूस आठ दिवसांनी आला. सभ्य होता, चपला बाहेर काढल्या. यंत्र लावलं, आकडा पाहिला, वहीत लिहिला. मग वही मांडीवर ठेवूनच विचारलं, झाकण किती वेळा उघडलंत?

थोरली सांगणारच होती. तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं, चूल पेटवलीत का असं विचारल्यासारखं होतं ते. पण गवंडी बाजाराच्या गावात चार लोकांत वावरलेला होता. त्या माणसाचं पेन कागदाला टेकलेलं त्यानं पाहिलं.

"नाही उघडलं," तो म्हणाला. "एकदाही नाही."

"मग तापलं हे कसं कळलं?"

"पिल्लं मेली, त्यावरून."

माणसानं थोरलीकडे पाहिलं. तिनं पदराचं टोक पाहिलं. म्हातारी आतून काही बोलायला लागली, तर गवंड्यानं तिला, आई, चहा टाक, म्हणून सांगितलं, जे त्या घरात कुणी तिला दहा वर्षांत सांगितलं नव्हतं. माणसानं वहीत गवंड्याची सही घेतली आणि यंत्र तपासायला घेऊन गेला. बारा दिवसांनी कागद आला: कोणताही दोष आढळला नाही. कलम नऊकडे लक्ष वेधण्यात येते.

तेव्हा धाकटीनं कलम नऊ पहिल्यांदा वाचलं. मोठ्यानं वाचलं. मग परत मनात वाचलं.

गोष्ट अशी झाली होती. गावात थोरलीनं सांगितलं होतं की झाकण उघडलं, म्हणून कळलं. कंपनीला गवंड्यानं सांगितलं होतं की उघडलंच नाही. उघडलं म्हटलं तर यंत्राचा दोष सांगता येतो, पण हमी जाते. नाही म्हटलं तर हमी राहते, पण दोष कळायला जागा राहत नाही. धाकटीनं हे बोटांवर मांडून दाखवलं, एका हाताची बोटं उघड, दुसऱ्या हाताची मूठ. म्हातारी म्हणाली, कोंबडीचं असं नसतं.

रकाना सात. तक्रारदाराची सही.

थोरलीनं सही केली. शेवटचं अक्षर रेषेबाहेर गेलं.

*

सुनावणीची तारीख लागायला अडीच महिने गेले. तेवढ्यात म्हातारीनं तिला परत कामाला लावलं.

कारण एक दिवस थोरलीनं खुडूक कोंबडीखालचं अंडं काढून टेकवलं आणि म्हणाली, गार आहे. म्हातारीनं तेच अंडं आपल्या गेलेल्या डोळ्यावर ठेवलं. श्वास सोडला. म्हणाली, बरोबर आहे.

 अंडं गार नव्हतं. पापणीच यंत्राला शिकली होती.

मग रोज पहाटे, अंगण झाडायच्या आधी, दोन्ही बायका टोपलीशी उकिडव्या बसायच्या. कोंबडी पिसं फुलवून हाताला चोच मारायची, रक्त काढायची. म्हातारी म्हणायची, मारू दे, मारतेय तोवर ठीक. अंडं आधी हिच्या पापणीवर, मग तिच्या. थोरली सांगायची गार. म्हातारी सांगायची बरोबर. आठ दिवस हेच. नवव्या दिवशी थोरलीनं डोळा मिटला, श्वास सोडला, आणि अंडं तसंच पापणीवर धरून ठेवलं.

"काय?" म्हातारी म्हणाली.

"काही नाही. कळतच नाही."

"मग ठेव खाली. कोंबडी ताटकळलीय."

*

तक्रार ऐकायची खोली लांबट होती. बाकांची एक बाजू भिंतीला लागून गुळगुळीत झालेली. टेबलामागं अधिकारी बाई, त्यांच्या पुढं फायलींवर दगड ठेवलेला. एका बाजूला कंपनीचा वकील आणि तो सभ्य माणूस. मधल्या टेबलावर यंत्र. ते पुसून आणलं होतं. लाल आकडे पेटलेले: साडेसदतीस. वकिलानं सांगितलं की सकाळपासून चालू आहे, आत चार अंडी ठेवली आहेत, बाईसाहेबांनी स्वतः पाहावं.

बसमध्ये गवंड्यानं थोरलीला दोनदा सांगितलं होतं. विचारलं तर मीच बोलेन. तू नुसती मान हलव. ती बरं म्हणाली होती.

अधिकारी बाईंनी अर्ज वाचला. रकाना चारवर पेन ठेवलं. उबवणीच्या काळात म्हणजे केव्हा, असं विचारलं, आणि विचारताना गवंड्याकडे नाही, थोरलीकडे पाहिलं. गवंडी उभा राहिला. बाई म्हणाल्या, तुम्ही बसा. अर्ज त्यांचा आहे.

थोरली उभी राहिली. 

"चौथ्या दिवशी," ती म्हणाली.

"कसं कळलं?"

"झाकण उघडलं. अंडं पापणीला लावलं."

वकिलानं मान खाली घालून पटकन काहीतरी लिहिलं. गवंड्याचा गुडघा बाकाला लागला, त्याचा आवाज झाला. कंपनीचा सभ्य माणूस वही चाळायला लागला, आणि त्यानं ते पान शोधून वकिलापुढं सरकवलं. वकील म्हणाला की तक्रारदाराच्या पतीनं आमच्या प्रतिनिधीला एकदाही उघडलं नाही असं सांगितलं आहे, सही आहे. बाईंनी गवंड्याकडे पाहिलं. तो चपलांकडे पाहत होता. एवढी वर्षं भिंती सरळ बांधलेला माणूस, त्याची मान एका बाजूला कलली होती.

"पापणीला लावलं म्हणजे?" बाईंनी विचारलं.

थोरलीनं सांगितलं. वकील हसला नाही, पण त्यानं ओठ आत घेतले. बाईंनी पेन मिटलं, आणि मग उघडलं.

"आत्ता लावून दाखवा."

तिनं यंत्राचं झाकण उघडलं. खोलीतल्या बाकीच्या चारही जणांनी ते उघडताना पाहिलं. एक अंडं काढलं. पांढरं, बिनखुणेचं. डोळा मिटला. पंख्याचा आवाज येत होता. बोथट बाजू टेकवली. श्वास सोडला.

काही कळलं नाही. तिनं दुसरं घेतलं. कोपऱ्यातलं घेतलं. काहीच कळलं नाही. बुबुळ जागेवर होतं.

गवंडी तिच्याकडे पाहत होता. आता एक शब्द बोलायचा होता फक्त, गरम. ती बोलेल असं त्याच्या चेहऱ्यावर होतं, आणि बोलली तर कुणाला कळणारही नव्हतं.

"आत्ता बरोबर आहे," थोरली म्हणाली.

वकिलानं हात पसरले. हेच आमचं म्हणणं आहे, असं तो म्हणाला. यंत्रात दोष नाही, हे तक्रारदारच सांगत आहेत.

"आत्ता बरोबर आहे," ती परत म्हणाली, त्याला नाही, टेबलाला. "तेव्हा नव्हतं."

"मग आम्ही कुठलं खरं धरायचं, बाई?" अधिकारी बाईंचा आवाज चिडलेला नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं.

थोरलीनं अंडं अजून हातातच धरलं होतं. ते गार व्हायला लागलं होतं, तिच्या तळहाताला ते कळत नव्हतं, पण तिला माहीत होतं.

"आत्ता मी गरम म्हणू शकत होते," ती म्हणाली. "म्हटलं नाही. मग तेव्हाचंही धरा ना."

बाईंनी दगड उचलून अर्जावर ठेवला. मग म्हणाल्या, निकाल टपालानं येईल.

बाहेर पायऱ्यांवर गवंडी तिच्या पुढं दोन पायऱ्या उतरला आणि थांबला. त्यानं मागं न पाहता विचारलं, गरम म्हणायला काय झालं होतं. ती म्हणाली, गरम नव्हतं. तो म्हणाला, त्यांनी दुरुस्त करून आणलं असेल, बारा दिवस त्यांच्याकडे होतं. ती म्हणाली, असेल. तो म्हणाला, नाहीतर तेव्हाही ठीकच होतं आणि तुला कणकण होती. ती म्हणाली, असेल.  बसमध्ये त्यानं तिला खिडकीची जागा दिली. बऱ्याच वेळानं म्हणाला:

"ओळंब्याचा दोरा ओला असला तर तोही चुकतो."

ती खिडकीबाहेर बघत होती. तिनं ऐकलं की नाही ते त्याला कळलं नाही.

*

निकालाचा कागद धाकटीनं तीनदा वाचला.

तक्रार अंशतः मंजूर. तक्रारदार महिलेने स्वतःच्या हिताविरुद्ध जाणारी गोष्ट प्रामाणिकपणे सांगितल्याने तिचे म्हणणे विश्वासार्ह धरण्यात येत आहे. यंत्र बदलून द्यावे. तथापि झाकण उघडल्याचे तिने प्रामाणिकपणे मान्य केल्याने कलम नऊनुसार अंड्यांची भरपाई देता येत नाही.

"म्हणजे जिंकलो का?" गवंड्यानं विचारलं.

"जिंकलो. आणि नाही."

"परत वाच."

तिनं परत वाचलं. प्रामाणिकपणे हा शब्द दोनदा आला होता, एकदा देताना आणि एकदा घेताना. म्हातारी म्हणाली, बाईमाणूस शहाणी दिसतेय, तिला तरी काय कळणार. थोरलीनं कागद घेतला, घडी घातली, आणि या वेळी पेटीत ठेवला, टोपलीत नाही.

नवं यंत्र आलं. गवंड्यानं तेही त्याच ओट्यावर बसवलं. आकडे पेटले, साडेसदतीस.  थोरलीनं त्यात खुडूक कोंबडीखालची दोन अंडी एक दिवस ठेवून पाहिली, पापणीला लावून पाहिली, म्हातारीनं लावून पाहिली. दोघी म्हणाल्या बरोबर आहे. तरी यंत्र पुढचे आठ दिवस रिकामंच चालत राहिलं, कारण अंडी आणायला कुणी आलं नव्हतं.

नवव्या दिवशी संध्याकाळी शिंपीण आली. ओच्यात अकरा अंडी होती. तिची बादलीतली दुसरी खुडूकही उन्हानं उठून गेली होती, सगळी गार पडली, असं तिनं एका दमात सांगितलं, आणि मग थोडं थांबून, टोपली सावलीला हवी होती का, असं विचारलं. थोरली म्हणाली, हो.

"त्या कचेरीत तू आत्ता बरोबर आहे म्हणालीस म्हणे. तुझ्या नवऱ्यानं पाराजवळ सांगितलं. चिडून सांगत होता, का काय, कळेना."

थोरलीनं अंडी एकेक करून घेतली. प्रत्येकावर पेन्सिलीचे दोन टाके.

"यंत्रात ठेवू का कोंबडीखाली?"

"मला काय विचारतेस," शिंपीण म्हणाली. "उघडत जा म्हणजे झालं. रोज उघडत जा."

पहिलं यंत्र नवंकोरं म्हणून खोक्यातून काढलं त्या दिवशी जाळीखाली एक करडं पीस अडकलेलं होतं, म्हातारीनं ते फुंकर मारून उडवलं. त्यांच्या घरी करडी कोंबडी कधीच नव्हती.